अपुऱ्या परिचारिका आणि दीर्घकालीन शुश्रूषा

नागपूरहून उपचार घेऊन बालाघाटला परतलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाचे पुढील आयुष्य औषधांइतकेच शुश्रूषेवर अवलंबून असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. समजा, एकाच परिचारिकेकडे अंथरुणाला खिळलेले २० रुग्ण आहेत. शय्याव्रण टाळण्यासाठी दर २ तासांनी कूस बदलावयाची, तर ८ तासांच्या पाळीत ती ८० वेळा बदलावी लागेल. प्रत्येकी ५ मिनिटे धरली, तरी ४०० मिनिटे त्यातच संपतात. औषधे, भरवणे व स्वच्छता यांसाठी उरतात ८० मिनिटे.

अशा वेळी परिचारिकेने स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णांकडे प्रथम वळावे. नातेवाइकांना कूस बदलणे, डोके उंच ठेवून भरवणे शिकवावे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या आनंदवनातही बरे झालेले रुग्ण इतरांच्या सेवेस हातभार लावीत आले आहेत. राहून गेलेले काम मात्र नोंदवहीत स्पष्ट लिहावे. लपविलेली उणीव कधीच भरून निघत नाही.

आपणा डॉक्टरांनी औषधांच्या वेळा शक्य तेथे एकत्र आणाव्यात. शय्याव्रण दिसताच परिचारिकेस जाब विचारण्यापूर्वी तिच्याकडे त्या पाळीत रुग्ण किती होते, हे आधी विचारावे.