पोरांची पार्टी : खेळ ठरवण्याआधी पाहुण्यांची यादी बघा

बेळगाव : मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली की वाढदिवसाचं गणित बदलतं. फुगे, टोप्या नको वाटतात आणि घरच्यांनी पुढे पुढे केलेलंही आवडत नाही. पण नुसता केक कापून पोरांना खोलीत सोडलं, तर पंधरा मिनिटांत पंधरा मोबाईल बाहेर येतात. म्हणून खेळ हवेतच. कोणते, हा खरा प्रश्न.

गेल्या वर्षी मी स्वतःच चुकलो. मुलीचा पंधरावा वाढदिवस होता. आमच्या वेळची अंताक्षरी मी ठेवली. अर्धी पोरं रंगली. एक कन्नड मैत्रीण मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी फोन घेऊन बसली ती उठलीच नाही. सगळे गेल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, तिला एक पण गाणं येत नव्हतं. तुम्हाला दिसलं नाही काय?"

आपल्या भागात हे कुठल्याही घरात होऊ शकतं. एकाच वर्गात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी मुलं असतात. एसएसएलसीनंतर पीयूसीला गेली की ओळखी आणखी पसरतात. म्हणून पहिला नियम असा : आधी कोण येणार ते लिहा, मग खेळ निवडा. शिवाय ही यादी मुलालाच करू द्या. कोण कोणाशी बोलत नाही, हे त्यालाच ठाऊक असतं.

बाद होणाऱ्याचं काय?

संगीत खुर्ची सगळ्यांना माहीत आहे. पण हिशेब करून बघा. १५ मुलं असतील तर १४ फेऱ्या होतात. पहिल्याच फेरीत बाद झालेला पुढच्या १३ फेऱ्या नुसता बघत बसतो. एक फेरी दोन मिनिटांची धरली तरी २६ मिनिटं. लहान मूल रडून मोकळं होतं. या वयातलं मूल मोबाईल काढतं आणि मनातून पार्टीबाहेर जातं. उपाय सोपा आहे. बाद झालेल्याने पुढच्या फेरीचं गाणं लावायचं, आपल्या आवडीचं, कुठल्याही भाषेतलं.

भाषा आड न येणारे खेळ

अंगण किंवा गच्ची असेल तर लगोरीसारखा खेळ नाही. सात चपटे दगड, एक रबरी चेंडू, दोन संघ. लगोरी फोडणाऱ्यांनी ती परत रचायची, समोरच्यांनी चेंडू मारून अडवायचं. कन्नडमध्येही तिला लगोरीच म्हणतात, समजावत बसावं लागत नाही. मात्र गच्चीला कठडा असेल तरच, आणि चेंडू मऊच घ्या.

जून-जुलैतला वाढदिवस असेल तर आपल्याकडचा पाऊस बाहेर पडू देत नाही. मग मूकाभिनय करून सिनेमाचं नाव ओळखायला लावा. प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या लिहायच्या, कुठल्याही भाषेतल्या सिनेमाच्या. १५ मुलांच्या ३० चिठ्ठ्या, प्रत्येकीला एक मिनिट, म्हणजे अर्धा तास छान जातो. संघ मात्र चिठ्ठ्या टाकूनच पाडा, नाहीतर एका शाळेची पोरं एकत्र बसतात. मिसळलेल्या संघात गंमत जास्त येते. 'सैराट' २०१६ चा, आणि २०१७ ला तोच कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' नावाने आला. नायिका दोन्हीकडे रिंकू राजगुरूच. एकाच अभिनयावर दोन नावं ओरडली जातात!

हाउजीही चालते. तिकिटावर १५ आकडे, पुकारायचे १ ते ९०. आपली इंग्रजी माध्यमातली मराठी पोरं 'सत्तेचाळीस' म्हटलं की एकमेकांकडे बघतात. म्हणून प्रत्येक आकडा मराठी, कन्नड, इंग्रजी असा तिन्ही भाषांत पुकारा आणि पुकारण्याची पाळी फिरवत ठेवा. बक्षीस पैशांचं नको. पेन, चॉकलेट पुरे.

दोन गोष्टी आधीच ठरवा

एक, 'ट्रुथ अँड डेअर'. बंदी घालून उपयोग नाही, पाठ फिरली की खेळतातच. त्यापेक्षा मुलाशी आधी बोला : नको असेल त्याला 'पास' म्हणता आलं पाहिजे, आणि कोणी शूटिंग करायचं नाही. दोन मिनिटांची फजिती व्हॉट्सअॅपवर गेली तर वर्षभर पुरते, आणि ती ज्याची होते तो घरी काही सांगत नाही.

दुसरी, आवाज. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे. नाचगाणं आधी घ्या, हाउजीसारखे बैठे खेळ शेवटी.

खेळ तीनच पुरेत. एक धावपळीचा, एक अभिनयाचा, एक बैठा. मध्ये खाणं आणि नुसत्या गप्पांना वेळ, कारण या वयात गप्पा हाही खेळच असतो.

यंदा यादी मुलीने केली. हाउजीत कन्नड आकडे पुकारायला तीच मैत्रीण उभी राहिली. 'नलवत्तेळु' म्हणजे सत्तेचाळीस, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा खेळाची यादी झाली की एकदा पाहुण्यांच्या यादीशेजारी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे विचारा, हा यात कुठे खेळणार? एका जरी नावापुढे उत्तर सापडलं नाही, तर खेळ बदला.