रूळ नसलेली रेल्वे

निलंग्याला रेल्वे नाही. म्हणून तर लेकरांनो, आज तुम्हाला रूळ नसलेल्या रेल्वेच्या वाटेनं नेतो. चला, उतरा, येडशीचं रामलिंग आलं.

या घाटातून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी चढायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचं हे काम. १८९७ ला गाडी बार्शीला पोचली, १९११ ला लातूरला. दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, आणि रूळ मीटरला जेमतेम १५ किलोचा. एवढ्या हलक्या रुळावर मालगाडी? कॅलथ्रॉपनं डबे लांब केले, वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं. डोकं म्हणतात ते हे! पुढं २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाली, ती येडशीहून धाराशिवला वळसा घालून गेली आणि इथला जुना रस्ता सुटला.

दम लागला का कुणाला? नाही ना. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. बैल जो चढ रेटून जातो, तिथं इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून डोंगराला वळसे घेत चढ हळूहळू करावा लागतो.

आता जुन्या रुळाखालची ही काळी खडी बघा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पाणी निथळून जावं म्हणूनही ती टाकतात. “मग आबा, झाडं कशी आली?” आधी आलं दगडफूल, आजी काळ्या मसाल्यात घालते त्याच्याच गोतातलं. बुरशी दगड धरून ठेवते, तिच्या पोटातलं शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं, आणि त्यांच्या आम्लानं दगड झिजतो. पण ही चाल फार संथ. खरी घाई केली ती वाऱ्यावरच्या धुळीनं, कुजलेल्या पाल्यानं आणि वाळवीनं. खडीच्या फटीत चिमूटभर माती साठली, की बुलबुलानं टाकलेलं घाणेरीचं बी तिथं रुजलंच म्हणून समजा.

याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, एक्टनच्या जुन्या तांब्याच्या खाणींजवळून एवढ्याच रुंदीची गाडी नेली होती. ती १९३४ ला बंद पडली. तिथले रूळ काढले गेले आणि १९३७ ला त्याच जागी चालायची वाट खुली झाली. आपली येडशीची वाटही शेताच्या बांधांत मिसळून जायच्या आत अशीच राखायला हवी. तुम्ही मोठे झालात की मागा सरकारकडं.