मोटार दारात, पण किल्ली कुणाच्या हातात?

मोटार घ्यायची असे घरात ठरले की बोलणे सुरू होते ते रंगाचे, किमतीचे आणि लिटरला किती किलोमीटर पळते याचे. चार माणसे मिळून दुकानात जातात, दारे उघडझाप करून पाहतात, मागे किती पोती बसतील याचा अंदाज घेतात. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारायचाच राहून जातो. ही गाडी घरातली किती माणसे चालवणार?

आज गावोगावी दिसणारे चित्र घ्या. थोरला मुलगा पुण्यात हडपसरला किंवा पिंपरी-चिंचवडला नोकरीला असतो. सूनही नोकरी करते आणि बिनगिअरच्या स्कूटरवरून शहरभर सफाईने फिरते. आईवडील गावी शेती सांभाळतात. दोन पैसे साठतात आणि मोटारीचा विषय निघतो. मुलगा म्हणतो, "गिअरचीच घेऊ. किमतीला कमी, आणि गावच्या गॅरेजमध्येसुद्धा दुरुस्त होते." सून म्हणते, "अहो, पण मला गिअरची येत नाही." त्यावर उत्तर ठरलेले, "अगं, येईल सवयीने. नाहीतरी मी आहेच की चालवायला." गाडी येते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात. सवय मात्र व्हायची राहते. वर्ष उलटते तरी सूनबाई डाव्या बाजूच्या सीटवरच!

"मी आहेच की चालवायला" हे वाक्य एकदा नीट तपासून घ्यावे. चालवणाऱ्याच्याच छातीत रात्री कळ आली तर? तो बाहेरगावी असताना वस्तीवर कुणाला पान लागले, कुणा लेकीसुनेचे दिवस भरले तर? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते, पण आडवाटेच्या वस्तीपर्यंत ती यायला वेळ लागतो. लाखो रुपयांची मोटार दारात उभी आणि ती हलवणारा माणूसच नाही, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. घरातल्या एकालाच चालवता येणारी मोटार सगळ्या घराची कशी म्हणायची?

गिअर म्हणजे नेमकी अडचण कोणती?

गिअरच्या मोटारीत पायाशी तीन पेडल असतात. उजवीकडून डावीकडे ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच. पहिली दोन उजव्या पायाची, क्लच डाव्या पायाचा. सगळी मेख या क्लचमध्ये आहे. इंजिन सतत फिरत असते, चाके मात्र कधी थांबलेली, कधी फिरती. या दोघांची गाठ घालणे आणि सोडवणे हे क्लचचे काम. पेडल दाबले की इंजिन आणि गिअरपेटी अलग होतात, सोडले की जोडली जातात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगायला नको. क्लच हळूहळू सोडला तर गाडी अलगद निघते, एकदम सोडला तर आचका देऊन बंद पडते. तापट बैलांनी एकदम हिसका दिला की शिवळ मोडते, तसाच हा प्रकार.

हे ज्ञान डोक्यापेक्षा पायाला असावे लागते आणि ते सरावानेच येते. शिकणाऱ्याला सर्वात धास्ती वाटते ती चढावर. गाडी थांबलेली, मागे दुसरी गाडी चिकटलेली, ब्रेकवरून पाय काढला की आपली गाडी मागे घसरणार. अशा वेळी हँडब्रेक ओढून ठेवावा, क्लच अर्धा सोडून इंजिन जोर घेते आहे असे जाणवले की मगच हँडब्रेक खाली करावा. चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघणे हा परवान्याच्या चाचणीचाच एक भाग आहे. आठ-दहा दिवस रोज सराव केला की त्याची भीती जाते.

ऑटोमॅटिक मोटारीत क्लचचे पेडलच नसते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एवढी दोनच. गिअर गाडी आपला आपण बदलते. लहान मोटारींत बहुधा जी सोय असते, तिला एएमटी म्हणतात. यात गिअरपेटी नेहमीचीच असते, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम माणसाऐवजी एक छोटे यंत्र करते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ही सोय स्वस्त मोटारींत आली. त्यापूर्वी ऑटोमॅटिक मोटार म्हणजे श्रीमंतांचे काम, असा समज होता आणि तो फारसा खोटाही नव्हता.

पुण्याने हे पूर्वीही पाहिले आहे

गिअरचा हा प्रश्न पुण्याला नवा नाही. मोटारींच्या आधी तो स्कूटरवर येऊन गेला. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक स्कूटर बाहेर पडली आणि मध्यमवर्गाच्या घरचे वाहन झाली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, इतकी तिला मागणी. पण तिचा क्लचही डाव्या मुठीत आणि गिअरही त्याच मुठीत. वजन दांडगे, आणि चालू करायला किक. पुष्कळ घरांत ती एकट्या पुरुषाची गाडी राहिली. पत्नी मागे एका बाजूला बसणार, मूल पुढे उभे राहणार, आणि घरधनी कामावर गेला की बाकीच्यांनी बस पाहायची.

त्याच १९७२ साली पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना काढली. पन्नास सीसीची ही मोपेड दिसायला किरकोळ. पण तिला गिअर नव्हता, आणि सायकल येणाऱ्याला ती थोडक्या वेळात जमे. पुणे हे सायकलींचे शहर, बायका-मुलींना सायकलची सवय होतीच. शिक्षिका, परिचारिका, कॉलेजच्या मुली लूनावर दिसू लागल्या. पुढे १९८४ साली जपानच्या होंडाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा आली. गिअर नाही आणि बटण दाबताच चालू. २००१ साली होंडाची ॲक्टिव्हा आली आणि बिनगिअरची स्कूटर गावागावात पोचली. ज्या घरात चेतक एकाच माणसाची होती, त्या घरात आता सासूबाईही ॲक्टिव्हावरून बाजार करून येतात. गंमत अशी, की २०२० साली बजाजने चेतक हे नाव पुन्हा आणले ते विजेवरच्या स्कूटरला, आणि त्या चेतकला क्लचही नाही आणि हाताने बदलायचे गिअरही नाहीत!

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की गिअर बायकांना झेपत नाही. तो साफ चुकीचा आहे. १९८८ साली शिला डावरे नावाची अठरा वर्षांची मुलगी परभणीहून पुण्यात आली आणि रिक्षा चालवू लागली. मुठीत क्लच, मुठीतच गिअर, अशी ती रिक्षा तिने पुण्याच्या गर्दीत वर्षानुवर्षे चालवली. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून तिचे नाव लिम्काच्या विक्रमांच्या पुस्तकात नोंदले गेले. सातारा जिल्ह्याच्या सुरेखा यादव यांनी तर ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरवून मुंबईला नेली. तेव्हा "येत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "कुणी शिकवले नाही" एवढाच असतो.

लूनाने वाट सोपी केली हे खरे, आणि शिला डावरे यांनी अवघड वाट पार केली हेही तितकेच खरे. मोटार घेताना दोन्ही गोष्टी ध्यानात असाव्यात.

दोन्ही बाजूंचा हिशेब

आता व्यवहाराचे बोलू. लहान मोटारींत त्याच मॉडेलची एएमटी गाडी गिअरच्या गाडीपेक्षा साधारण ४५ ते ६० हजार रुपयांनी महाग पडते. तेलाच्या खर्चात दोघींमध्ये फारसा फरक राहत नाही. गिअरची गाडी गावच्या मेकॅनिकला कळते. एएमटीचे यंत्र बिघडले तर बहुधा कंपनीच्या वर्कशॉपचीच पायरी चढावी लागते. बॅटरी उतरली तर गिअरची गाडी चौघांनी ढकलून बहुतेक वेळा चालू होते, ऑटोमॅटिक होत नाही. तालुक्यापासून लांब राहणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

उलट बाजूही पाहा. स्वारगेट, नगर रस्ता, हडपसर या भागांत संध्याकाळच्या गर्दीत अर्ध्या तासात क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. डाव्या गुडघ्याला त्रास असेल, वय झाले असेल, तर ही शिक्षाच. रोज शहरात गाडी चालवायची असेल तर ऑटोमॅटिकचे वरचे पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. विजेवरच्या मोटारींत तर गिअर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. पुण्याजवळ रांजणगावला बनू लागलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० साली बाजारात आली, तेव्हापासून अशा गाड्या रस्त्यावर वाढल्या. मात्र त्यांची किंमत जास्त, आणि घरी चार्जिंगची सोय व भरवशाची वीज हवी.

घाटाबद्दल एक गोष्ट दोन्ही गाड्यांना लागू. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहने अशी सोडल्यामुळे भीषण अपघात झाले आहेत. गिअर अडकवलेला असला की इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. शिवाय आजच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन तेल घेत नाही, त्यामुळे न्यूट्रलने तेल वाचते हा समजही आता टिकत नाही. एएमटीमध्ये उतारावर हाताने खालचा गिअर निवडायची सोय असते. ती दुकानदाराकडून समजून घ्यावी.

आधी शिकणे, मग खरेदी

मग घ्यावी कोणती? आमचे सांगणे एवढेच, की गाडी घेऊन मग शिकू हा क्रम उलटा करावा. आधी शिकावे, मग गाडी निवडावी.

शिकाऊ परवाना काढल्यावर पक्क्या परवान्याच्या चाचणीला निदान ३० दिवस थांबावेच लागते, आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. हे दिवस कामी आणावेत. मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी बहुधा गिअरचीच असते आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो, त्यामुळे धोका कमी. नवऱ्याने स्वतः शिकवायच्या फंदात शक्यतो पडू नये. गाडी बंद पडली की आवाज चढतो, आवाज चढला की शिकणारीचा पाय थरथरतो, आणि दोघे अबोला धरून घरी येतात. परक्या माणसाने शांतपणे सांगितलेले लवकर पचते. पुढचा सराव गावी सुगी झालेल्या मोकळ्या रानात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर करावा. तेव्हाही शेजारी परवाना असलेला माणूस आणि गाडीला पुढेमागे 'एल'ची पाटी हवीच.

आपल्याकडे मोटारीचा परवाना गिअरचा वेगळा आणि ऑटोमॅटिकचा वेगळा असा नसतो. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची मोटार चालवता येत नाही, इथे तसे बंधन नाही. पण कायद्याने दिलेली मोकळीक म्हणजे हातापायाला आलेली कला नव्हे. ऑटोमॅटिकवरच शिकलेल्याने गिअरची गाडी तशीच रस्त्यावर काढू नये. उलट गिअर शिकलेल्याला ऑटोमॅटिक जड जात नाही. फक्त डावा पाय बाजूला ठेवायची सवय लावावी लागते, कारण सवयीने तो क्लच समजून ब्रेकवर आदळतो. दोन्ही पेडल उजव्याच पायाने वापरावीत.

महिना-दीड महिना शिकून झाल्यावर दोघांनी मिळून बसावे. सूनबाई म्हणाल्या, "आता जमते मला," तर गिअरची गाडी खुशाल घ्या आणि वाचलेल्या पैशांचे बियाणे-खत करा. पण एवढे करूनही मन धजत नसेल, गुडघा दुखत असेल, तर वरचे पन्नास हजार मोजून ऑटोमॅटिक घ्या आणि त्याबद्दल कुणी कुणाला टोमणा मारू नका. ते पैसे चैनीचे नव्हेत. विहिरीवर मोटार बसवताना आपण स्टार्टर स्वस्तातला घेत नाही, कारण पाण्याची पाळी चुकली तर पीक जाते. हाही तसाच खर्च आहे.

आणि गाडी आली म्हणजे ती दोघांच्या हाताखालून गेली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस तरी तिने चालवावी, त्याने शेजारी गप्प बसावे. रात्रीही एखादा फेरा तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मारून यावा, म्हणजे वाट आणि अंधार दोन्ही ओळखीचे होतात. किल्ली सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच खुंटीवर टांगावी. गरज पडेल तेव्हा ती शोधत बसायची पाळी येऊ नये.