‘बीटी’ हे वाणाचे नाव नव्हे

कोरपना तालुक्याच्या काळ्या जमिनीत कापूस लावणारा शेतकरी दुकानात ‘बीटी’ मागतो, तेव्हा त्याला सरकीचे पाकीट हवे असते. मात्र ही अक्षरे ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीत आढळणाऱ्या जिवाणूची आहेत, आणि कापसाच्या बाबतीत ती वाण दर्शवत नसून त्या जिवाणूचे जनुक, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारा घटक, झाडात घातल्याने येणारा एक गुण दर्शवतात.

हा भेद पुसट झाल्यामुळेच, दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते ते बीटीमुळे, असा समज पक्का झाला आहे. वास्तविक ‘एच-४’ हा पहिला व्यापारी संकरित कापूस गुजरातेत १९७० साली आला आणि बीटी कापसाला परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्ये. दोन भिन्न वाणांच्या संकरातून आलेले गुण पुढच्या पिढीत विखुरतात, म्हणून घरची सरकी चालत नाही. तेच जनुक सरळ वाणात असते तर सरकी पुन्हा पेरता आली असती. कंपन्यांनी ते प्रामुख्याने संकरित वाणांतच आणले, हा व्यापाराचा भाग झाला.

बीटी असले की फवारणी नको, हा समज अधिक महाग पडतो. या जनुकामुळे झाडात तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात क्रियाशील होऊन तेथे छिद्रे पाडते. रस शोषणाऱ्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना त्याची झळ लागत नाही. २००६ मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले, तरी गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली. पाकळ्या आतून धाग्यांनी जखडून फूल उमलू न देणारी तिची ‘डोमकळी’ बीटीच्याच शेतात दिसते. फरदड घेतल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात उभे ठेवल्याने, अळीला खाद्य अधिक काळ मिळत राहिले. शिवाय प्रथिनाला बळी पडणाऱ्या अळ्या शिल्लक राहून त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा, यासाठी सोबत दिलेले बिगरबीटीचे छोटे पाकीट अनेकदा पेरलेच गेले नाही.

बेकायदा विकल्या जाणाऱ्या बियाण्याच्या ‘चोरबीटी’ या प्रचलित नावाने तर गोंधळात भरच घातली आहे, कारण या बियाण्याला मागणी आहे ती तणनाशक सहन करण्याच्या गुणासाठी आणि त्याचे जनुक वेगळ्याच जिवाणूचे आहे. अशा कापसाच्या व्यापारी लागवडीला भारतात मंजुरी नाही. म्हणून पाकिटात बीटीचे जनुक खरोखर आहे की नाही, याची हमी घेणाराही कोणी नसतो.