घराची किंमत ठरताना

घरावर कर्ज मागितले की बँक आधी किंमत ठरवणारा माणूस पाठवते. तो लांबी-रुंदी मोजतो, भिंती-छप्पर पाहतो, घर कोणत्या सालचे ते विचारतो. काम थोड्या वेळाचे. पण प्रतापगडला माझ्याकडे तो आला तेव्हा मागची खोली कुलूपबंद, किल्ली शेतावर! मी हेडमास्तर, पण तयारी शून्य. तो पुन्हा आला आठ दिवसांनी. तोवर मृग लागला, गळके छप्पर तसेच राहिले.

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती आधीच आणून ठेवा. पूर्वी पुष्कळ गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागली. तुमची असेल तर तिच्यावरचे क्षेत्र जागेशी ताडून पाहा. मागाहून बांधलेली खोली असेल तर ती आपणहून सांगा. आणि हो, गुरे तेवढ्यापुरती दुसरीकडे बांधा. फीत धरायला भिंत मोकळी लागते.