गिटार ट्यून केली, तरी जाड तार बेसूर का वाजते?

ट्यूनरवर सहाही तारा बरोबर दिसतात. पण इलेक्ट्रिक गिटारच्या सगळ्यात जाड ‘ई’ तारेवर १२व्या फ्रेटला बोट ठेवलं की सूर चढा लागतो. गिटारच खराब निघाली, असं वाटायला लागतं. खरा प्रश्न बहुतेक वेळा तारेच्या लांबीचा असतो.

ही तार मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. १२व्या फ्रेटवर बरोबर दुप्पट, म्हणजे १६५च्या आसपास कंपनं हवीत. पण दाबल्यावर तार ताणली जाते आणि सूर वर सरकतो. म्हणूनच ब्रिजवर या तारेचं सॅडल बारीक ‘ई’पेक्षा मागे असतं.

सूर चढा असेल तर स्क्रू फिरवून सॅडल नेकपासून आणखी मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे आणा. दर वेळी मोकळी तार पुन्हा ट्यून करा, मगच १२वा फ्रेट तपासा. आणि हो, आधी तार नवी टाका. गंजलेल्या तारेवर कितीही स्क्रू फिरवले तरी उपयोग नाही.

सॅडल शेवटपर्यंत नेऊनही भागलं नाही? पिकअप थोडं खाली करून बघा. त्यातलं चुंबक फार जवळ असेल, तर ते तारेला ओढतं आणि एकाच सुरात दोन सूर थरथरल्यासारखे ऐकू येतात.