ग्रामीण डॅनिश-अमेरिकन वसाहतींतील दैनंदिन जीवन : अभिलेखीय साधने व त्यांचे वाचन

सारांश :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी कुटुंबांनी आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आदी राज्यांत वसाहती केल्या. या वसाहतींमधील रोजच्या जगण्याची माहिती मुख्यतः पत्रे, चर्चच्या नोंदवह्या, जमिनीची कागदपत्रे, सहकारी लोणी डेअऱ्यांचे हिशेब आणि संस्थांची इतिवृत्ते यांतून मिळते. यांपैकी बहुतेक कागद दैनंदिन जीवनाची नोंद ठेवण्यासाठी लिहिले गेलेच नव्हते. प्रत्येक कागद कोणत्या गरजेतून निर्माण झाला हे लक्षात घेतल्याशिवाय त्यातील माहितीचा अर्थ लागत नाही आणि त्यातून कोण वगळले गेले हेही कळत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलांतर, अभिलेखागार, दैनंदिन जीवन, सहकार, भाषांतरण

१. प्रस्तावना

राजकीय इतिहासाला दरबारी दप्तर उपलब्ध असते. सामान्य शेतकरी कुटुंब सकाळी केव्हा उठत होते, काय खात होते, कोणत्या भाषेत भांडत होते, याचे दप्तर कोणीही ठेवत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या ग्रामीण समाजाच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. कारण त्याची कागदपत्रे दोन देशांत विभागलेली असतात आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला ती वाचताही येत नाहीत. डॅनिश स्थलांतरितांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. हा समाज संख्येने लहान, पण साक्षर आणि संस्थाप्रिय होता. त्यामुळे त्याने मागे ठेवलेला कागद विपुल आणि विविध आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कला श्लेस्विग, होलस्टाइन आणि लाउएनबुर्ग हे प्रदेश प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याकडे गमवावे लागले. उत्तर श्लेस्विगमधील डॅनिशभाषक त्यामुळे परकीय सत्तेखाली आले. तथापि स्थलांतराचे मूळ कारण आर्थिक होते. लोकसंख्या वाढत होती, शेतजमीन मर्यादित होती आणि भूमिहीन मजूर व लहान खातेदार यांना स्वतःची जमीन मिळण्याची शक्यता दुरावत चालली होती. पहिल्या महायुद्धाच्या पुढेमागे हा ओघ आटेपर्यंत सुमारे तीन लाख डॅनिश लोक अमेरिकेत पोहोचले. १८८२ हे या स्थलांतराच्या शिखराचे वर्ष मानले जाते.

नॉर्वे व स्वीडनच्या तुलनेत ही संख्या अल्प होती आणि डॅनिश लोक विखुरलेही अधिक. म्हणूनच ज्या थोड्या ठिकाणी त्यांनी एकवटून वस्ती केली त्या ठिकाणांना विशेष महत्त्व आहे. आयोवा राज्याच्या पश्चिम भागातील एल्क हॉर्न आणि किंबल्टन ही शेजारशेजारची गावे, नेब्रास्कातील डॅनेब्रोग, मिनेसोटातील टायलर, टेक्सासमधील डॅनेवांग ही त्यांची काही उदाहरणे होत. टायलर व डॅनेवांग या वसाहती 'डॅन्स्क फोल्केसाम्फुंड' या १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेशी निगडित होत्या. डॅनिश भाषा व संस्कृती टिकवायची असेल तर एकत्र वस्ती करणे आवश्यक आहे, अशी या संस्थेची धारणा होती.

या धारणेमागे एन. एफ. एस. ग्रुंटविग (१७८३–१८७२) यांचा विचार होता. धर्मजीवन आणि लोकजीवन यांत विरोध नाही, मातृभाषा, गीत व इतिहास यांतून सामान्य माणूस जागा होतो, हे त्यांचे प्रतिपादन. त्यातूनच परीक्षा नसलेल्या 'लोकविद्यालयां'ची कल्पना साकारली. डेन्मार्कमध्ये असे पहिले विद्यालय १८४४ मध्ये रोडिंग येथे, तर अमेरिकेत १८७८ मध्ये एल्क हॉर्न येथे सुरू झाले. उलट 'इनर मिशन' या धर्मपंथीय चळवळीला वैयक्तिक पश्चात्ताप व आचारशुद्धी महत्त्वाची वाटे. नृत्य, पत्ते, मद्य तिला निषिद्ध होते. १८९४ मध्ये या मतभेदातून अमेरिकेतील डॅनिश लूथरन चर्च दुभंगले. एल्क हॉर्नमध्ये इनर मिशनचा प्रभाव राहिला, तर काही मैलांवरील किंबल्टन ग्रुंटविगवादी म्हणून ओळखले गेले. या फुटीचा एक परिणाम अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचा ठरला. दोन्ही पक्षांनी आपापली चर्च, महाविद्यालये व नियतकालिके काढली आणि प्रत्येकाने आपले दप्तर वेगळे ठेवले. एकाच परिसरातील जीवनाच्या दोन समांतर नोंदी त्यामुळे शिल्लक राहिल्या.

३. साधनांचे स्वरूप

३.१ पत्रे : स्थलांतरितांच्या इतिहासात सर्वांत जास्त वापर पत्रांचा झाला आहे. त्यांत हवामान, पिके, मजुरीचे दर, आजारपण, मृत्यू, घरची आठवण असे सर्व काही आढळते. मात्र अमेरिकेतून गेलेले पत्र गावात अनेकांच्या हातून फिरणार आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. घर सोडण्याचा निर्णय योग्य होता हे त्याला दाखवायचे असे. क्वचित भावाला बोलावून घ्यायचे असे. अपयश आणि कर्ज पत्रात उशिरा येतात किंवा येतच नाहीत. शिवाय पत्रव्यवहाराची एकच बाजू एका ठिकाणी सापडते. अमेरिकेतून गेलेली पत्रे डेन्मार्कमध्ये आणि डेन्मार्कमधून आलेली अमेरिकेत. डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग येथील स्थलांतरविषयक अभिलेखागाराची स्थापना १९३२ मध्ये झाली. त्यामागे मॅक्स हेनियस या डॅनिश-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांचा पुढाकार होता. ही विभागलेली सामग्री एकत्र आणण्याच्या दिशेने ते महत्त्वाचे पाऊल होते.

३.२ चर्चच्या नोंदवह्या : डेन्मार्कमध्ये पाळक हा शासनाचा नोंदणी अधिकारीही होता. १८१२ च्या आदेशानुसार जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांची नोंदवही दोन प्रतींत ठेवणे बंधनकारक झाले आणि दोन्ही प्रती एकाच छपराखाली ठेवू नयेत असा दंडक घालण्यात आला. आग लागली तरी एक प्रत वाचावी, हा हेतू. स्थलांतरितांनी नोंदवहीची ही सवय अमेरिकेत नेली; तिच्यामागचा शासकीय आधार मात्र त्यांना नेता आला नाही. अमेरिकेत चर्च ही खाजगी संस्था होती आणि वही एकच असे. चर्च जळाले, मंडळी विसर्जित झाली किंवा पाळकाने दुसऱ्या गावी जाताना वही सोबत नेली, की एका समाजाची जन्म-मृत्यूची स्मृती नाहीशी होण्याचा धोका होता.

ज्या वह्या उरल्या त्यांतून बालमृत्यू, पुनर्विवाह, डेन्मार्कमधील मूळ गाव, बाप्तिस्म्याचे साक्षीदार अशी माहिती मिळते. साक्षीदारांच्या नावांवरून कोणते कुटुंब कोणाच्या जवळचे होते याचा अंदाज बांधता येतो. नाते आणि शेजार यांचे असे जाळे पत्रांतून क्वचितच दिसते.

३.३ जमिनीची कागदपत्रे : १८६२ च्या होमस्टेड कायद्याने ठरावीक शुल्क भरून, पाच वर्षे वास्तव्य व मशागत केल्यास १६० एकर सरकारी जमीन मिळू शकत होती. अंतिम हक्क मिळवताना अर्जदाराला वास्तव्याचा पुरावा द्यावा लागे आणि शेजाऱ्यांची साक्ष नोंदवावी लागे. घर केवढे आहे, विहीर आहे काय, किती एकर नांगरली, कुटुंबात कोण आहेत, मधल्या काळात जमीन सोडून कोठे गेला होता काय, यांची उत्तरे या फाइलींत आढळतात. पत्रात 'आमचे नवे घर' एवढाच उल्लेख असेल, तर फाइलीत त्याच घराची लांबी-रुंदी असते. अर्थात हे साधन सर्वत्र उपलब्ध नाही. नेब्रास्का व डाकोटा भागांत ते उपयुक्त ठरते. पश्चिम आयोवात मात्र बरीच जमीन रेल्वे कंपन्यांकडून किंवा खाजगी विक्रेत्यांकडून विकत घ्यावी लागली, त्यामुळे तेथे खरेदीखते व गहाणखते यांवर भर द्यावा लागतो.

३.४ सहकारी डेअऱ्यांचे हिशेब : डेन्मार्कमधील पहिली सहकारी डेअरी १८८२ मध्ये येडिंग येथे सुरू झाली. मिनेसोटातील क्लार्क्स ग्रोव्ह येथील डॅनिश बाप्टिस्ट शेतकऱ्यांनी १८९० मध्ये त्याच तत्त्वावर लोणी डेअरी काढली. मिनेसोटा विद्यापीठाचे थिओफिलस हेकर यांनी या प्रयोगाचा अभ्यास करून त्याचा राज्यभर प्रसार केला. त्याच सुमारास, १८९० मध्ये, विस्कॉन्सिन येथील स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील फॅट मोजण्याची सोपी चाचणी उपलब्ध करून दिली. तोपर्यंत नुसत्या वजनावर पैसे देण्याच्या पद्धतीत पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि चांगली गाय सांभाळणाऱ्याचा तोटा होत असे. फॅटनुसार पैसे मिळू लागताच प्रत्येक सभासदाच्या नावापुढे दुधाचे वजन, फॅटचे प्रमाण व देय रक्कम यांची नोंद होऊ लागली.

असे हिशेब वाचताना एका शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहते. हिवाळ्यात दूध घटते, गाई व्यायल्यावर वाढते. एखाद्या महिन्यात नोंदच नसेल तर आजारपण, गाय विकणे किंवा रस्ता बंद होणे यांपैकी काय घडले याचा शोध अन्य कागदांतून घ्यावा लागतो. धान्याचा पैसा वर्षातून एकदा, तर दुधाचा नियमित मिळे. किराणा, कपडे, मुलांची पुस्तके यांचा खर्च त्यावर चालवणे शक्य झाले. घरगुती अर्थव्यवस्थेतील हा बदल पत्रांपेक्षा या रकान्यांतून अधिक स्पष्टपणे दिसतो.

३.५ संस्थांची इतिवृत्ते : १८८२ मध्ये ओमाहा येथे 'डॅनिश ब्रदरहुड' ही परस्परसाहाय्य संस्था स्थापन झाली, स्त्रियांची 'डॅनिश सिस्टरहुड' ही संस्था पुढच्याच वर्षी निघाली. अशा संस्थांच्या दप्तरात वर्गणी, आजारपणातील मदत, मृत्यूनंतरची विमा रक्कम व तिचा वारस यांची माहिती असते. वर्गणी थकल्याची नोंद हा दुष्काळाचा किंवा मंदीचा स्थानिक पुरावा ठरू शकतो. ओमाहातून १८७२ पासून निघणाऱ्या 'डेन डान्स्के पायोनियर' सारख्या वृत्तपत्रांतील जाहिराती व गावोगावच्या बातम्या यांचाही येथे पूरक उपयोग होतो. सरकारविरोधी लिखाणामुळे या वृत्तपत्रावर डेन्मार्कमध्ये काही वर्षे बंदी होती, ही बाबही लक्षणीय आहे.

४. भाषेचा प्रश्न आणि १९१८ चे वळण

या कागदपत्रांच्या भाषेत दोन प्रकारच्या अडचणी आहेत. पहिली लिपीची. डॅनिश शाळांत १८७५ च्या सुमारास लॅटिन वळण रूढ होईपर्यंत गॉथिक हस्ताक्षर शिकवले जाई. आरंभीच्या स्थलांतरितांची पत्रे त्याच वळणात आहेत. मोडी न येणाऱ्या मराठी अभ्यासकाची पेशवे दप्तरासमोर जी स्थिती होते, तीच आधुनिक डॅनिश जाणणाऱ्या वाचकाची या पत्रांसमोर होते. दुसरी अडचण नावांची. हान्सेन, जेन्सेन, नील्सेन अशा पितृनामांवरून आलेल्या मोजक्या आडनावांमुळे एकाच मंडळीत एकाच नावाच्या अनेक व्यक्ती आढळतात. केवळ नावावर विसंबून दोन कागद एकाच व्यक्तीचे मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

भाषा बदलली तो क्षणही अभिलेखांतून शोधता येतो. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी शाळा, सार्वजनिक ठिकाणे, रेल्वे, दूरध्वनी आणि चर्च या सर्व ठिकाणी इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई करणारी घोषणा काढली. रोख जर्मन भाषेवर होता. झळ मात्र डॅनिश लोकांनाही बसली. १८६४ मध्ये ज्या समाजाच्या मायदेशाने जर्मन सत्तेपुढे प्रदेश गमावला, त्याच समाजाची भाषा आता जर्मनधार्जिणेपणाच्या संशयाखाली आली. इंग्रजी न समजणाऱ्या वृद्धांना उपदेश दुर्बोध झाला. शेतघरांत नुकत्याच पोहोचलेल्या दूरध्वनीवर बहिणीशी मातृभाषेत बोलणेही नियमबाह्य ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घोषणा मागे घेण्यात आली. परंतु पुढील दोन-तीन दशकांत अनेक मंडळींची इतिवृत्ते डॅनिशमधून इंग्रजीत गेली. हा बदल केवळ दडपणामुळे झाला असे मानणे एकांगी ठरेल. इंग्रजी शाळा, आंतरविवाह व नव्या स्थलांतराचा खंड ही कारणेही तितकीच प्रभावी होती. १९१८ च्या आसपासच्या वह्यांचे पानोपान वाचन केल्यासच त्या त्या मंडळीत कोणते कारण आधी आले हे ठरवता येते.

५. नोंदींतील मौन

प्रत्येक साधन कोणाला तरी वगळते. होमस्टेड कायद्याने अविवाहित स्त्री व विधवा यांना दावा करता येई. विवाहित स्त्री मात्र सामान्यतः पतीच्या फाइलीत 'पत्नी व मुले' एवढ्याच उल्लेखात सामावून जाते. १९२२ च्या केबल कायद्यापर्यंत पत्नीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वावर अवलंबून असल्याने विवाहित स्त्रियांची स्वतंत्र नागरिकत्व-कागदपत्रे सहसा आढळत नाहीत. डेअरीच्या वहीत खाते पुरुषाच्या नावे असते. धार कोणी काढली हे त्यात नसते. स्त्रियांचे श्रम शोधण्यासाठी महिला मंडळांची इतिवृत्ते, पाककृतींच्या हस्तलिखित वह्या, भरतकाम व मौखिक आठवणी यांकडे वळावे लागते. शेतमजूर आणि वसाहत सोडून गेलेली कुटुंबे यांच्या बाबतीत ही उणीव आणखी मोठी आहे. टिकलेले दप्तर हे बहुधा टिकून राहिलेल्यांचे दप्तर असते.

६. जतनाची व्यवस्था

१९७७ मध्ये डॅनिश अमेरिकन हेरिटेज सोसायटीची स्थापना झाली आणि तिचे 'द ब्रिज' हे नियतकालिक पुढच्या वर्षी निघाले. एल्क हॉर्न येथील संग्रहालय १९८३ मध्ये स्थापन झाले; २०१३ पासून ते 'म्युझियम ऑफ डॅनिश अमेरिका' या नावाने ओळखले जाते. ग्रुंटविगवादी परंपरेतील सामग्री डि मॉइन येथील ग्रँड व्ह्यू या १८९६ मधील संस्थेत, तर दुसऱ्या प्रवाहाची बरीच सामग्री नेब्रास्कातील ब्लेअर येथे, १८८४ ची परंपरा सांगणाऱ्या डेना महाविद्यालयाच्या आश्रयाने जमली.

डेना महाविद्यालय २०१० मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडले. पिढ्यान् पिढ्यांची पत्रे, वह्या व छायाचित्रे ज्या संस्थेच्या भरवशावर कुटुंबांनी सोपवली होती, तीच संस्था उरली नाही. डॅनिश अमेरिकन अभिलेखागार व ग्रंथालय ही स्वतंत्र व्यवस्था आणि स्वयंसेवकांचे श्रम यांमुळे संग्रह त्याच शहरात परिसराबाहेर हलवून वाचवता आला. मूळ डॅनिश नोंदवहीच्या दोन प्रतींचा दंडक येथे पुन्हा आठवतो. महाविद्यालयांच्या कपाटांत असलेले स्थानिक संग्रह संस्थेच्या आयुष्याशी बांधलेले असतात. सूची, दुसरी प्रत आणि संस्थेपलीकडची जबाबदारी यांची तरतूद आधीच झालेली नसेल, तर संस्थेसोबत ते जाण्याची भीती असते.

७. समारोप

ग्रामीण डॅनिश-अमेरिकन समाजाचे दैनंदिन जीवन कोणत्याही एका कागदात सापडत नाही. पत्र त्या समाजाला स्वतःबद्दल काय सांगावेसे वाटले ते दाखवते. जमिनीची फाइल शासनाला काय पटवून द्यावे लागले ते दाखवते. डेअरीची वही सभासदांमध्ये हिशेबाचा विश्वास कसा राखला गेला ते दाखवते. हे कागद शेजारी शेजारी ठेवले असता त्यांच्यातील विसंगतीतूनच जगण्याचे चित्र अधिक विश्वसनीय होते. म्हणून स्थानिक दप्तर गोळा करताना केवळ बोलकी पत्रे निवडणे पुरेसे नाही. थकबाकीच्या याद्या, दुधाचे तक्ते, वर्गणीच्या पावत्या हे रूक्ष वाटणारे कागद आधी टाकून दिले जातात. सामान्य माणसाच्या इतिहासाचा मोठा भाग त्यांतच असतो.